वॉशर

अकोला,
१२ फेब्रुवारी १९५७

चि. वामन,

तुझं पत्र सोमवारी आलं. पोथी संपेपर्यंत फोडलं नाही. मग दोनदा वाचलं, आणि संध्याकाळी हे कचेरीतून आल्यावर त्यांनाही वाचून दाखवलं. तू कापसाच्या जिनमधली स्टोअरची नोकरी सोडलीस हे वाचून पत्र खाली ठेवलं. लागलेली नोकरी आपल्या घरात आजवर कोणी सोडली नाही. आई असती तर तिने तुला ओट्यावरच थांबवून जाब विचारला असता. आई नाही म्हणून ते काम माझ्याकडे, पण मी अकोल्यात आणि तू अमरावतीत, त्यामुळे वाचलास.

पुढचं वाचलं तेव्हा जरा धीर आला. तू लिहितोस, इजिप्तात लढाई झाली, सुवेझचा कालवा बंद पडला, विलायतेहून वॉशर घेऊन येणाऱ्या बोटी सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून येऊन राहिल्या आणि इकडची कामं खोळंबली. म्हणून तू आणि तुझा मित्र मोतीराम मिळून वॉशर इथेच तयार करणार. आम्ही दोघांनी शाळेच्या जुन्या नकाशात तो कालवा शोधला. नखाएवढी रेघ आहे. तेवढ्या रेघेने माझ्या भावाची नोकरी सुटली.

शेजारच्या इंदूबाई विचारत होत्या, वॉशर म्हणजे काय. मी मॅट्रिक झालेली बाई, अडले नाही. टीच म्हणजे शिकवणे, टीचर म्हणजे शिकवणारा. वॉश म्हणजे धुणे, तेव्हा वॉशर म्हणजे धुणारं यंत्र. विलायतेत बायका हाताने धुणं धूत नाहीत हे मी वाचलं होतं. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टेबलावरचे कपडे, बोर्डिंगातल्या मुलांचे सदरे, तुला काम पुष्कळ मिळेल. दुसऱ्याचा मळ काढणं हे चांगलं काम आहे, वामन. फक्त तिथल्या परीट लोकांच्या पोटावर पाय येणार नाही एवढं बघ. त्यांनाच यंत्रावर कामाला घेतलंस तर सगळ्यात उत्तम.

तुझ्या यंत्रासाठी रोज एक अध्याय जास्त वाचायचं ठरवलं आहे. जेवण वेळेवर घे.

ताई

~

अमरावती,
१७ फेब्रुवारी १९५७

आदरणीय भाऊजींना वामनचा नमस्कार.

पत्र मुद्दाम कचेरीच्या पत्त्यावर टाकतो आहे. ताईला दाखवू नका.

भाऊजी, वॉशर म्हणजे धुलाईचं यंत्र नाही. जिनमध्ये सरकीपासून रुई वेगळी करायचे रेचे तुम्ही पाहिले आहेत. त्या रेच्यात एक लांब रूळ फिरतो. त्या रुळावर कातड्याच्या गोल चकत्या एकीला एक दाबून बसवतात. कातडं रुई ओढून घेतं आणि सरकी मागे राहते. त्या चकत्यांना जिनमधले सगळे वॉशर म्हणतात. आजवर त्या विलायतेहून येत. आता बोटी अडकल्या, तर हंगामाच्या भरात रेचे बंद पडून राहिले. मी स्टोअरमध्ये बसून मालकाचं तारांवर तारा पाठवणं बघत होतो. मोतीराम म्हणाला, "अबे, गोल कापलेलं कातडंच आहे ना हे? विलायतेची म्हैस का आपल्या म्हशीपेक्षा शहाणी आहे?" तिथून हे सुरू झालं. आम्ही कानपूरहून म्हशीचं कमावलेलं कातडं आणलं, कापलं, दाबलं, लेथवर घासून गुळगुळीत केलं. पहिला रूळ दोन दिवसांत फाटला. तिसरा अजून चालतो आहे.

मोतीराम तुम्हाला आठवत असेल. माझ्यासोबत मॅट्रिकला बसला होता, नंतर जिनमध्ये फिटर झाला. मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन सहकुटुंब बौद्ध झाला.

तर माझा कारखाना कातड्याचा आहे. ताईच्या घरी तुमचा पट्टासुद्धा ओट्यावरच्या खुंटीला राहतो. तिने मला मांडीवर घेऊन वाढवलं. आता मी दिवसभर कातड्यात हात घालतो हे कळल्यावर ती माझ्या घरचं पाणी घेईल का, मला ओवाळील का, सांगा. धंदा बुडाला तर दुसरा करता येईल. ताई एकच आहे.

मी पत्रात नुसतं "वॉशर" लिहिलं, कारण इथे सगळे तेच म्हणतात. त्यात फसवायचा विचार नव्हता. आता मात्र तिची समजूत दुरुस्त करायला हात धजत नाही.

वामन

~

अकोला,
२१ फेब्रुवारी १९५७

प्रिय वामन,

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि हसू आलं. हेडक्लार्कने चष्म्यावरून पाहिलं, मग मला टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधावं लागलं.

चूक थोडी माझीही आहे. तुझ्या ताईने शब्दाची फोड केली तेव्हा मी समोरच बसलो होतो. मला वॉशर म्हणजे नळाची तोटी गळली की घालतात ती चकती, एवढंच ठाऊक. चकतीसाठी कोणी नोकरी सोडेल असं वाटेना, म्हणून तिचंच खरं धरलं.

आता ऐक. गल्लीत सगळ्यांना कळलं आहे की मनकर्णाबाईंचा भाऊ अमरावतीत विलायती लाँड्री काढून राहिला. गोवर्धन परिटाने तर येऊन विचारलं, "बाई, मले तिकडं काम भेटन का?" तिने त्याला तुझा पत्ता दिला आहे. तो आलाच तर सांभाळून घे.

मी मध्ये पडणार नाही. तिने विचारलं तर खोटं सांगणार नाही. पण ती विचारणार नाही, कारण उत्तर तिच्यापाशी आहे असं तिला वाटतं. सांगायचं ते तूच सांग, आणि लवकर सांग. असली गोष्ट जितकी राहते तितकी जड होते.

तुझा,
केशवराव

~

अकोला,
९ जानेवारी १९५८

चि. वामन,

भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलास. कारखान्याबद्दल नीट बोलणंच झालं नाही. मी विचारलं की तू जेवणाची स्तुती करायचास. म्हणून हे पत्र.

सोबत येणाऱ्या पिशवीत रिठे आहेत. आमच्या मागच्या झाडाचे, वाळवून, बिया काढून ठेवले आहेत. विलायती पावडरीने सूत खराब होतं असं गोवर्धन सांगत होता. लोकरी कपड्यांना रिठेच वापर.

पेपरात वाचलं की सरकारपाशी परदेशी चलन उरलं नाही, म्हणून बाहेरून माल आणायला परवाने देणं कमी केलं. तेव्हा सुवेझ उघडला तरी विलायतेचे वॉशर काही लवकर येत नाहीत. हा काळ तुझा आहे. पण असा काळ फार दिवस राहत नाही, हे लक्षात ठेव. मी घरातला हिशेब ठेवते म्हणून चार गोष्टी सुचतात, त्या लिहिते.

एका मोठ्या गिऱ्हाईकावर अवलंबून राहू नकोस. अचलपूर, बार्शीटाकळी, अशा ठिकाणी स्वतः जा. लहान गावचं गिऱ्हाईक लवकर ओळख धरतं आणि लवकर सोडत नाही. काम दिल्यावर गप्प बसू नकोस. महिन्याभराने जाऊन विचार, आमच्या वॉशरचं काम कसं आहे. वाईट निघालं असेल तर हुज्जत न घालता बदलून दे. ज्या महिन्यांत काम नसेल त्या महिन्यांत पुढच्या कामाची तयारी कर. तेव्हा माणसं काढून टाकू नकोस, काढलेली माणसं परत येताना रुसून येतात. आणि परवान्याचे कागद आता नागपूरला नाही, मुंबईला जातात हे विसरू नकोस. आपला वऱ्हाड मुंबईला जोडला हे अजून माझ्या हाताला सवयीचं झालं नाही, मी पत्त्यावर मध्यप्रदेशच लिहिते.

पुढच्या वेळी कारखाना दाखव. अंबादेवीच्या दर्शनाला आले की तू तिथूनच परत पाठवतोस.

ताई

~

अमरावती,
३ मार्च १९५८

ताई,

तुझे आशीर्वाद आणि रिठे दोन्ही पोचले. रिठे अर्धे मोतीरामच्या बायकोने, पंचफुलाने नेले. तिचे केस लांब आहेत.

तू सांगितलंस ते सगळं केलं. एस. टी. ने अचलपूरला गेलो. तिथले नत्थुजी म्हणून मालक आहेत, त्यांना मी दिवाळीत माल दिला होता. गेलो तर त्यांनी खाटेवरून न उठता म्हटलं, "तुमचे वॉशर हंगामाच्या मधातच बसले, पाहुणे. आमाले विलायतीचीच सवय आहे." मी बघितलं, खरंच झिजले होते. घरी येऊन नवे पाठवले, काही न घेता. मोतीराम दोन दिवस धुसफुसला. मग म्हणाला, "काहून, नत्थुजी तुह्या सासऱ्याकडचा लागते का?" मी म्हटलं, माझ्या ताईने सांगितलं आहे. गेल्या आठवड्यात नत्थुजींनी सगळं काम आम्हाला दिलं आणि शेजारच्या दोन गावांतही सांगितलं. त्यानंतर मोतीराम अधूनमधून विचारतो, "यंदा ताई काय म्हणते?"

एक गोष्ट मनात टोचते, ती तुलाच लिहितो. इजिप्तने कालवा अडवला म्हणून मला काम मिळालं. सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून ते टिकलं. दुसऱ्याचं काही अडलं की माझं चालतं. पेपर उघडताना मी आता वाईट बातमी शोधतो की काय, असं वाटतं. नोकरीत होतो तेव्हा जगात काय चाललं आहे याचा माझ्याशी संबंध नव्हता. आता लंडनमध्ये कोणी शिंकलं तरी मी कान देतो.

कारखाना दाखवीन. अजून नीट मांडला नाही.

वामन

~

अमरावती,
२० ऑगस्ट १९६२

ताई,

हे पत्र घाईत लिहितो आहे, कारण आनंद एकट्याला पेलत नाही. भाऊजींना लगेच वाचून दाखव.

आफ्रिकेत युगांडा म्हणून देश आहे. तिथेही कापूस होतो. तिथले बरेच कारखाने आपल्या गुजराती लोकांचे आहेत. आजवर ते सगळं सामान लंडनमार्फत घेत, कारण तिथे इंग्रजांचं राज्य. आता ऑक्टोबरमध्ये युगांडा स्वतंत्र होणार. कंपाल्याच्या एका शेठने मुंबईतल्या आपल्या माणसाकरवी विचारलं की लंडनचा माल सोडून हिंदुस्थानचा घेतला तर कसा पडेल. आम्ही नमुने पाठवले होते. काल ऑर्डर आली. तिथला हंगाम सुरू व्हायच्या आत पेट्या मुंबईच्या बंदरात पोचायला हव्यात.

शेठचं पत्र मोठं मजेदार आहे. स्वातंत्र्य येणार म्हणून तो खूश आहे, आणि नवं सरकार परक्या व्यापाऱ्यांना ठेवील की नाही म्हणून धास्तावलेलाही आहे. म्हणतो, लंडनला एक वर्षाचा माल मागवावा लागतो, तुमच्याकडून थोडा थोडा मागवता येईल, कारण पुढच्या वर्षी मी कुठे असेन मला माहीत नाही. म्हणजे बघ, त्याच्या भीतीतून आमचं काम निघालं आहे. मला त्याला भेटावंसं वाटतं.

मोतीरामने बातमी ऐकून लेथ बंद केला आणि म्हणाला, "आपल्या वऱ्हाडातलं कोनी आफ्रिकेत गेलं नसन, आपला माल चालला."

वामन

~

अकोला,
१६ सप्टेंबर १९६२

चि. वामन,

तुझं पत्र मी इंदूबाईंकडे, गोवर्धनकडे आणि मंदिरातल्या बायकांत वाचलं. हे म्हणाले, आता रेडिओवर तेवढं सांगायचं राहिलं. आफ्रिकेतले लोक माझ्या भावाच्या यंत्राने कपडे धुणार, याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही.

मी ठरवलं आहे. यंदा खंडेनवमीला मी अमरावतीला येते. नवरात्रात अंबादेवीचं दर्शन होईल आणि तुझ्या यंत्रांची पूजा माझ्या हाताने होईल. पेट्यांना हळदकुंकू लावून मगच त्या आफ्रिकेला जाऊ दे. नैवेद्य मी घरून करून आणीन. पुरणपोळी रस्त्यात टिकते. पाच वर्षं तू कारखाना मांडतोच आहेस, आता मांडून झाला असेल.

ताई

~

अमरावती,
२२ सप्टेंबर १९६२

ताई,

खंडेनवमीला मी मुंबईला असेन. बंदराचे कागद करायचे आहेत. मोतीरामही दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, त्यामुळे तो तयारीत असतो. इतका प्रवास करून येऊ नकोस. दिवाळीनंतर मीच तुला न्यायला येईन.

वामन

~

अकोला,
९ ऑक्टोबर १९६२

प्रिय वामन,

हे पत्र तुझी ताई मंदिरात गेली असताना लिहितो आहे.

तुझं पत्र वाचून ती एवढंच म्हणाली, "तो नसला म्हणून यंत्रं थोडीच मुंबईला जाणार आहेत." परवा पहाटे नैवेद्याचं ताट फडक्यात बांधून निघाली. मी सोबत येतो म्हटलं तर घर कोण बघेल म्हणून मलाच थांबवलं. मी तुला तार करावी की नाही याचा विचार करत बसलो आणि तार केली नाही. तिच्यामागून तार करणं मला बरं वाटेना.

संध्याकाळच्या बसने परत आली. हातात ताट नव्हतं. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, स्वयंपाक केला. मी विचारलं, "वामन भेटला?" "बडनेऱ्याला मालधक्क्यावर गेला होता म्हणे." "मुंबईला नाही?" "नाही." त्यानंतर आजपर्यंत ती कारखान्याचं नाव काढत नाही. आज पेपरात युगांडा स्वतंत्र झाल्याची बातमी होती. मी मोठ्याने वाचली. ती डाळ निवडत राहिली.

दिवाळी जवळ आली. दरवर्षी या सुमारास ती तुला भाऊबीजेचं कार्ड टाकते. यंदा अजून टाकलं नाही.

केशवराव

~

अमरावती,
१३ ऑक्टोबर १९६२

ताई,

तू येऊन गेलीस हे मला मोतीरामकडून कळलं, ते मी त्या दिवशी बडनेऱ्याहून परतलो तेव्हा. तो एवढंच म्हणाला, "ताईले मी खरं सांगतलं. तू नोको रागावू. मले खोटं बोलायले कोनी सांगतलं नव्हतं." मग तो नागपूरला गेला. तुझं ताट आमच्या कचेरीच्या टेबलावर होतं. मी ते उघडलं नाही. उघडायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही.

माझा माल कातड्याचा आहे. तुला हे पाच वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. पण ताई, एक विचार कर. मंदिरात भजनाला मृदंग वाजतो, त्यालाही कातडंच असतं. तबल्याला, ढोलकीला असतं. त्याच्यावर हात पडल्याशिवाय देवाचं नाव तालात येत नाही. तुझ्या देवघरातल्या फुलवातीचा कापूसही कुठल्या तरी रेच्यातून, कुठल्या तरी कातड्यावरून आला असेल. मग माझ्या चकत्यांनीच काय पाप केलं?

उत्तर दे. रागाचं दिलंस तरी चालेल.

वामन

~

अमरावती,
२३ ऑक्टोबर १९६२

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. रोज पोस्टमन येतो आणि मी उगाच उठून बाहेर जातो.

सरहद्दीवर लढाई सुरू झाली हे तू वाचलंच असशील. चीन आत शिरतो आहे. रेल्वेचे डबे लष्कराला लागताहेत. आमच्या पेट्या बडनेऱ्याला पडून आहेत. हे त्या सगळ्यापुढे लहानसंच आहे, आणि तिथे जवान थंडीत मरत असताना मी चकत्यांची काळजी करतो याची लाज वाटते. पण कंपाल्याचा हंगाम थांबणार नाही. पाच वर्षांपूर्वी एका लढाईने मला उभं केलं. ही मला बसवील असं दिसतं. तेव्हा मी स्वतःला हुशार समजत होतो. आता कळतं की मी पुष्कळसा वाऱ्यावर होतो.

मुंबईत रबर आणि कॅनव्हास चिकटवून केलेले वॉशर येऊ लागले आहेत. मी नमुना मागवला. अजून ते कातड्याइतके चांगले चालत नाहीत, रुई तुटते, पण पुढेमागे सुधारतील. मी ठरवलं आहे की या पेट्या गेल्या की कातडं बंद करून रबराचं करतो. मोतीराम नाराज आहे. म्हणतो, "अर्धवट माल देऊन नाव घालवशील." पण मी करीन. मग तुला माझ्याकडे यायला अडचण राहणार नाही.

आणखी एक विचारायचं आहे, ते सरळ विचारतो. भाऊबीजेला येऊ की नको?

वामन

~

अकोला,
२५ ऑक्टोबर १९६२

चि. वामन,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला काय म्हणायचं आहे तेच कळत नव्हतं. पत्र लिहायला बसले की रागाचं होई, म्हणून फाडत होते. कागद महाग आहे, म्हणून मग लिहायचंच थांबवलं.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. तुझ्या कारखान्याच्या दारात मी ताट घेऊन उभी राहिले. मोतीराम पेट्यांना खिळे मारत होता. मला ओळखून उठला, नमस्कार केला, आणि दारातच आडवा उभा राहिला. म्हणाला, "बाई, ताट आत नोका नेऊ. इथं सारं कातडंच आहे. मंग तुमी मले म्हनसान, आधी सांगतलं काहून नाही." मी विचारलं, "कातडं कशाला?" त्याने एक गोल चकती दारातूनच दाखवली. "हेच वॉशर, बाई." मी म्हटलं, "याने धुतात कसं?" त्या बिचाऱ्याने चकती खाली ठेवली. हसला नाही. मला वाटतं, तुझ्या कारखान्यात त्या दिवशी माझी अब्रू त्याने राखली.

डोक्यावर ऊन होतं. मागच्या खोलीतून पंचफुला आली. मी पाणी मागितलं. तिने तांब्या हातात धरून विचारलं, "आमच्या घरचं चालते का तुमाले?" मी म्हटलं, "मले तहान लागली आहे, बाई." पाणी प्यायले. तिने ओसरीवर बसायला जागा झाडली. आम्ही बसलो. ती नागपूरला जायची बांधाबांध करत होती, मी तिच्या मुलीची वेणी घातली. बसमध्ये येताना वाटभर विचार करत होते, की घरी गेल्यावर आंघोळ करायची का. आले, हातपाय धुतले, दिवा लावला. देवाने काही विचारलं नाही.

तर मृदंगाचं मला शिकवू नकोस. ते मला तू जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. फुलवातींचा कापूस मी हाताने निवडते, तेवढं मात्र तुझं चुकलं. माझे नियम माझे आहेत आणि ते मी पाळणार. तुझा माल मी देवघरात नेणार नाही, स्वयंपाकघरात ठेवणार नाही. ह्यांचा पट्टाही ओट्यावरच असतो. पण पट्टा ओट्यावर ठेवून हे रोज आत येतात ना? मी पट्टा बाहेर ठेवते, माणसाला नाही. एवढी गोष्ट तुला पाच वर्षांत कळली नाही. तू काय समजलास, माझी भक्ती इतकी तकलादू, की एका चकतीने भाऊ बाटेल?

कातड्याचा राग मला एक दिवससुद्धा आला नाही. राग याचा आला की गल्लीभर मी लाँड्री सांगत फिरले आणि तुम्ही दोघं, तू आणि हे, मला फिरू दिलंत. ह्यांना आधीपासून माहीत होतं हे परवा ह्यांनीच कबूल केलं, तेव्हा ह्यांनाही बोलले. ते म्हणाले, "तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं." मी म्हटलं, "मला माहीत होतं तेव्हा विचारू कशाला?" मग दोघांनाही हसू आलं. त्यामुळे ह्यांच्यापुरतं मिटलं.

आता धंद्याचं. माझ्यासाठी कातडं सोडू नकोस. मोतीराम बरोबर सांगतो. रबराने रुई तुटत असेल तर ज्याच्या शेतातली रुई तुटते त्याने काय करायचं? रबर सुधारलं की बघ, तेव्हा बदल. निर्णय रेच्याकडे बघून घे, ताईकडे बघून घेऊ नकोस. माझं मन सांभाळायला अर्धवट माल दिलास तर मला जास्त वाईट वाटेल.

लढाईने उभं केलं, लढाई बसवील, हेही मला पटलं नाही. कालवा बंद होता तेव्हा वॉशर कोणीही करू शकला असता, केले तुम्ही दोघांनी. झिजलेले बदलून दिले तेही सुवेझने दिले नाहीत. डबा मिळत नसेल तर बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर रोज जाऊन बसू नकोस. जवानांच्या गाड्या आधी जाऊ देत. पेट्या बंदरापर्यंत ट्रकने नेता येतील का ते बघ, आणि कंपाल्याच्या शेठला खरं लिही, उशीर का होतो आहे ते. तोही उद्याची धास्ती घेऊन बसलेला माणूस आहे. त्याला खोट्या तारखेपेक्षा खरा उशीर समजेल.

भाऊबीजेला ये हे लिहायला मला कधी कार्ड लागलं नव्हतं, तरी दरवर्षी टाकत होते, कारण तुला बोलावणं आलेलं आवडतं. तर हे बोलावणं. मंगळवारी ये. मोतीरामला आणि पंचफुलाला विचार, जमत असेल तर त्यांनाही घेऊन ये. मुलीच्या केसांना तेल कमी आहे, मी तिला सांगितलं होतं, लावलं का बघते.

आणि एक राहिलं. दर भाऊबीजेला मी ओवाळायला समोर बसते तेव्हा तुझे हात लाल असतात, सोललेले, घासून घासून. मला वाटायचं सोड्याच्या पाण्यात काम, व्हायचेच. मी मनात म्हणायचे, पोराचे हात धुलाईने गेले. आता कळलं की आमच्या दाराशी यायच्या आधी कुठल्या तरी नळावर बसून तू तो वास घालवत होतास. यंदा घासू नकोस. तसेच घेऊन ये.

ताई